पुढे असूनही रिव्हरला हात आखडतो

पत्र:

सप्रेम नमस्कार. मी मूळचा नाशिकचा, नोकरीनिमित्त सॅन होजेत राहतो. शुक्रवारी रात्री इथल्या एका कार्डरूममध्ये १/३ डॉलरचं (सक्तीची सुरुवातीची बेटं १ आणि ३ डॉलर) नो-लिमिट होल्डेम पोकर खेळतो: प्रत्येकाला दोन झाकलेले पत्ते, मध्ये सगळ्यांसाठी पाच उघडे, बेटाला ठरलेली मर्यादा नाही. ३०० डॉलर खिशात घेऊन जातो, गेले की उठतो. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार शेवटच्या उघड्या पत्त्याची, म्हणजे रिव्हरची आहे.

मागच्या आठवड्याचा हात सांगतो. मी बटनवर (म्हणजे शेवटी बोलणार), हातात बदाम एक्का आणि किलवर गुलाम. १५ डॉलरचं रेझ केलं (बेट वाढवलं), फक्त बिग ब्लाइंडमधल्या, म्हणजे सक्तीचे ३ डॉलर लावलेल्या, एका वयस्कर गृहस्थांनी कॉल केलं (तेवढेच पैसे भरले). हे काका आमच्या टेबलावर नेहमीचे, कॉल भरपूर करतात, रेझ क्वचित. फ्लॉप (पहिले तीन उघडे पत्ते): चौकट गुलाम, इस्पिक अठ्ठी, किलवर चव्वी. त्यांचं चेक (बेट न लावणं), माझे २०, कॉल. टर्नला (चौथा पत्ता) बदाम दुर्री. चेक, माझे ४५, कॉल. पॉट (मध्ये जमलेले पैसे) १६० च्या आसपास. रिव्हरला चौकट राजा आला, काकांनी पुन्हा चेक केलं आणि माझ्या पोटात गोळा आला. मीही चेक केलं. त्यांनी राणी-गुलाम दाखवला, पॉट माझा. शेजारचा म्हणाला, 'जिंकलास ना, मग तोंड का पाडतोस?' पण हे दर शुक्रवारी होतं. एकदा अशाच हातात बेट लावून दोन जोड्यांकडून मार खाल्ला होता, तेव्हापासून हात आखडतो. आणि खरोखर मोठा हात लागला की उलटं, समोरचा पळून जाईल म्हणून पॉट १४० असताना २० डॉलर लावतो. तीन सत्त्यांवर हेच केलं. रिव्हरला बेट कधी लावायचं, किती लावायचं, आणि त्यावर रेझ आलं तर काय करायचं? शिवाय एक बारीक प्रश्न: समोरच्यानं फोल्ड केल्यावर (पत्ते टाकल्यावर) मी माझे पत्ते दाखवावेत का?
— रिव्हरला थिजणारा

उत्तर:

तुमच्या शेजाऱ्याला बाजूला ठेवा. पॉट जिंकूनही तोंड पडलं, म्हणजे काहीतरी हुकल्याचं तुम्हाला टेबलावरच कळलं होतं. असं वाटणारी माणसं सुधारतात. 'जिंकलो ना' म्हणून चिपा रचायला लागणारी वर्षानुवर्षं तिथेच असतात.

राजा आला तेव्हा तुम्ही मनात विचारलंत, 'मी अजून पुढे आहे का?' फ्लॉपला हा प्रश्न ठीक असतो, कारण अजून पत्ते यायचे असतात. रिव्हरला काही यायचं राहिलेलं नाही. तिथे विचारायचं ते हे: मी बेट लावलं तर कॉल कोण करेल, आणि त्या कॉल करणाऱ्यांत माझ्याहून कच्चे किती, पक्के किती? जे फोल्ड करतील ते हिशोबातच नाहीत. समजा काकांकडे दश्शी-नव्वी होती आणि त्यांचा स्ट्रेट लागला नाही. त्यांच्या पुढे तुम्ही आहातच, पण बेट लावलंत की ते पत्ते टाकणार आणि तुम्हाला एक छदामही जास्त मिळणार नाही. त्यामुळे 'दहातल्या आठ वेळा मी पुढे असतो' या वाक्याला रिव्हरला किंमत नाही. कॉल आल्यावर दहातल्या किती वेळा पुढे असता, तेवढं सांगा. तुम्ही शेवटी बोलणार असाल, म्हणजे समोरच्यानं चेक केलेलं असेल, तर निम्म्याहून जास्त वेळा पुढे असाल तिथे बेट लावायचं. निम्म्याहून कमी असेल तर चेक. नियम एवढाच आहे. सगळी मेहनत तो आकडा काढण्यात आहे, म्हणून तुमचाच हात उलगडू.

राजा आला खरा, पण कोणाच्या घरी? काकांनी फ्लॉपला कॉल केलं, टर्नला केलं. नुसता राजा-राणी घेऊन, जोडी नसताना, दोन बेटं कोण भरतं? म्हणजे राजाचा फायदा होण्यासाठी तो आधीच्या जोडीबरोबर हातात असायला हवा: राजा-गुलाम, नाहीतर राजा-अठ्ठी. आता मोजा. चार गुलामांपैकी एक बोर्डवर (मधल्या उघड्या पत्त्यांत), एक तुमच्या हातात, उरले दोन. बोर्डवरचा राजा सोडला तर उरले तीन. म्हणजे राजा-गुलाम सहा प्रकारे असू शकतो. राजा-अठ्ठी काका एकाच रंगातली खेळतात असं धरू, ती दोन प्रकारे. तीन अठ्ठ्या तीन प्रकारे, तीन चव्व्या तीन प्रकारे, एका रंगातले गुलाम-अठ्ठी एकाच प्रकारे. तुम्हाला हरवणारे झाले पंधरा. पण तीन अठ्ठ्या हातात असताना टर्नपर्यंत एकदाही रेझ न करणारा माणूस विरळा, काका कितीही शांत असले तरी. त्या शेवटच्या सातातले चारच धरा. राहिले बारा.

आता तुमच्याहून कच्चे. राणी-गुलाम आठ प्रकारे, कारण राण्या चारही बाहेर आहेत. दश्शी-गुलाम आठ प्रकारे. एका रंगातले नव्वी-गुलाम दोन. गुलामाच्या जोडीचे हे अठरा. त्याखाली दश्शीची जोडी, नव्वीची जोडी, अठ्ठी घेऊन चिकटलेले हात, असे वीसेक प्रकार, जे बेटाचा आकडा बघून ठरवतील. एक्का-गुलाम काकांकडेही असू शकतो, सहा प्रकारे. तिथे वाटणी होते, तो सोडून द्या.

बघा, ज्या राजानं तुमच्या पोटात गोळा आणला त्यानं काकांचे फक्त आठ हात सुधारले. राणी-गुलामवाल्या काकांच्याही पोटात तोच गोळा आला असणार, हे खरं. पण ते कॉल करणारे काका आहेत. 'ह्या पोरानं राजा आला म्हणून उगाच धमकावलंय' असं म्हणून ते चिपा पुढे सरकवतात. अशा माणसांसमोर तुम्हाला भीती घालणारा पत्ता कधी कधी तुमचं गिऱ्हाईक वाढवतो.

आता रक्कम. इथे माझे आकडे अंदाजाचे आहेत. तुम्ही काकांना ओळखता, तुमचे माझ्याहून चांगले असतील. पॉट १६०. समजा तुम्ही ५० लावलेत. गुलामवाले जवळजवळ सगळे येतील, त्याखालचे काही येतील, एकूण चोवीस म्हणू. पक्के बारा येतीलच. चोवीस वेळा ५० मिळाले, बारा वेळा ५० गेले: निव्वळ ६००. ८० लावलेत तर काही गळतील, अठरा राहतील. अठरातून बारा वजा, सहा गुणिले ८०: ४८०. वाईट नाही, पण कमी. आता जोशात येऊन १५० लावलेत तर कच्च्यांपैकी आठ राहतील आणि पक्के बाराच्या बारा. चार गुणिले १५०, ६०० चा तोटा. पत्ते तेच, काका तेच, आणि ज्या हाताला ५० लावून कमाई होती त्याला १५० लावून खड्डा पडला. रक्कम वाढवत जाता तसतसे कच्चे हात टेबल सोडतात आणि पक्के बसून राहतात. 'मोठं बेट म्हणजे मोठा नफा' असं वाटणाऱ्यांना हे पटायला वेळ लागतो. तुमची चूक उलटी आहे, तुम्ही शून्य लावलेत. या अंदाजानं सहाशेचा नफा त्या छत्तीस प्रकारांत वाटला तर प्रत्येकी सोळा-सतरा डॉलर होतात. दिसायला क्षुल्लक. पण १/३ च्या खेळात ताशी कमाईचे आकडे एवढेच असतात, आणि असा हात एका रात्रीत दोन-तीनदा येतो.

तुमच्या कॅलिफोर्नियातल्या खेळात या पैशाला आणखी एक मोल आहे. तिथल्या कार्डरूमना कायद्यानं पॉटची टक्केवारी घेता येत नाही, दर हाताला ठरलेली फी घेतली जाते. ती आधीच कापली गेलेली असते. रिव्हरला काकांकडून आलेले ५० डॉलर पूर्ण ५० असतात.

तीन सत्त्यांचा हात. इथे तुम्ही दुकानदाराच्या जागी आहात: हापूसची अव्वल पेटी समोर ठेवलीय आणि गिऱ्हाईक जाईल या धास्तीनं दर्जेदार माल रद्दीच्या भावात देताय. पॉट १४०, तुमचे २०. दहातल्या नऊ वेळा कॉल आला तरी मिळाले १८०. त्याच जागी १०० लावलेत आणि दहातल्या फक्त दोनदा कॉल आला, तरी २०० झाले. चारदा आला तर ४००. म्हणजे आठ वेळा समोरच्यानं पत्ते टाकले आणि तुम्ही 'अरेरे' म्हणालात, तरी तुम्ही २० वाल्यापेक्षा पुढेच. हरण्याची भीती जवळपास नाही अशा हाताला 'किती जण येतील' हा प्रश्न नसतोच. आकडा गुणिले येण्याची शक्यता, हा गुणाकार जिथे सर्वांत मोठा होतो तिथे थांबायचं. ज्याच्याकडे दोन जोड्या आहेत तो २० ला येतो आणि १०० लाही येतो, फरक पडतो तो एका जोडीवाल्याला. १/३ च्या टेबलावर दोन जोड्या सोडणारे लोक मी तरी फारसे पाहिलेले नाहीत.

याच्या मागचं गणित जुनं आहे. जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ साली गेम थिअरीवर जो ग्रंथ काढला त्यात पोकरवर वेगळा विभाग आहे. तिथल्या छोट्या नमुन्यात निघालेलं उत्तर असं: सर्वांत चांगल्या हातांवर बेट लावा, सर्वांत टाकाऊ हातांवरही काही वेळा लावा, आणि मधले हात चेक करा. टाकाऊ हातावर बेट म्हणजे ब्लफ, ते नसेल तर चांगल्या हातांना कॉल मिळत नाही. आता गंमत बघा: तुम्ही नेमकं 'मधले चेक करा' एवढंच पाळताय, फक्त मधल्याची व्याख्या फार वरपर्यंत ताणली आहे. वरच्या जोडीला एक्क्याची साथ, समोर फक्त कॉल करणारा माणूस, तरी हात मधला? दश्शीची जोडी मधली म्हणा, मी ऐकून घेईन.

ब्लफचा दुसरा भाग तुम्ही सध्या सोडून दिलात तरी चालेल. पॉटएवढं बेट आलं तर कॉल करणाऱ्याला तीनातून एकदा जिंकलं तरी पुरतं, अर्ध्या पॉटला चारातून एकदा. म्हणून जाणत्या माणसांसमोर मोठ्या बेटांत थोडे ब्लफ मिसळावे लागतात, नाहीतर ते सरळ पत्ते टाकत राहतात. २०१७ मध्ये पिट्सबर्गला कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रॅटस या प्रोग्रॅमनं चार व्यावसायिक खेळाडूंना वीस दिवसांत एक लाख वीस हजार हातांत हरवलं, तेव्हा त्याची पॉटपेक्षाही मोठी बेटं पाहून मंडळी चक्रावली होती. त्यातली कोणती खरी आणि कोणती हवेतली हे कळायला मार्ग नव्हता. पण तुमचे काका चक्रावत नाहीत, ते कॉल करतात. कॉल करणाऱ्याला ब्लफ करणं म्हणजे स्वतःच्या हातानं दान. त्यांच्यासमोर ब्लफ जवळजवळ बंद करा आणि व्हॅल्यू बेट (कच्च्या हातानं कॉल करावं म्हणून लावलेलं) आणखी खालच्या हातांपर्यंत आणा. घरी सॉल्व्हर (अचूक चाल काढून देणारा प्रोग्रॅम) चालवून त्याची उत्तरं काकांवर वापरणारे बरेच तरुण तुमच्या गावात असतील. त्यांना वापरू द्या.

जागा बदलली की हिशोब थोडा बदलतो. तुम्ही आधी बोलणार असाल तर चेक केल्यावर हात संपत नाही, समोरचा बेट लावू शकतो. तेव्हा बघायचं की हा माणूस चेकनंतर काय करतो. हवेत बेट लावणारा असेल तर चेक करा आणि कॉल करा, त्याचे टाकाऊ हातही पैसे घालतील. पण काकांसारखा असेल, जो कच्चा हात दाखवून मोकळा होतो आणि पक्का असला तरच बेट लावतो, तर चेक करून काही कमाई नाही. स्वतःच छोटं बेट लावा. इथे निम्म्याच्या नियमाला थोडी सूटही मिळते. चेक केल्यावर तुम्हाला ९० चं बेट भरावंच लागणार असेल, तर आधीच ४० लावून स्वस्तात शेवट गाठणं कधी कधी निम्म्याच्या खालीही परवडतं. हा भाग नंतर शिका, आधी बटनवरचे हात सुधारा.

पूर्वी दोन जोड्यांकडून मार खाल्लात, त्याबद्दल. वरच्याच हिशोबात छत्तीसपैकी बारा वेळा तुम्ही हरणार आहात. तिनातून एकदा! आणि तरीही ते बेट बरोबर आहे. शंभर वेळा रिव्हरला बेट लावून कॉल आला आणि तुम्ही फक्त पाच वेळा हरलात, तर मला तुमचं कौतुक वाटणार नाही. पंचाण्णव वेळा तुम्ही इतका पक्का हात घेऊन बसलात की मधले सगळे पैसे टेबलावर राहिले. फोनमध्ये टिपून ठेवत जा: बोर्ड, रक्कम, कॉल करणाऱ्यानं काय दाखवलं. आणि जिथे तुम्ही चेक केलंत तिथेही समोरच्यानं काय दाखवलं ते लिहा. तो दुसरा रकाना तुम्हाला जास्त शिकवेल, कारण हुकलेले पैसे स्टॅकमध्ये दिसत नाहीत. टेबलावर फोन काढू नका, लोक बुजतात. बाहेर पाय मोकळे करायला जाल तेव्हा लिहा.

एक बारकावा लगेच सुधारता येईल. बेट लावताना आधी आकडा तोंडानं बोला, मग चिपा एकदम पुढे करा. पाच डॉलरच्या लाल चिपा एकेक मोजत, मध्येच थांबत पुढे सरकवल्यात तर डीलर पहिल्या हालचालीएवढंच बेट धरू शकतो. शिवाय मोठ्या हाताला झटकन आणि मधल्या हाताला अर्धा मिनिट विचार करून बेट लावणारा माणूस आपले पत्ते तोंडावर घेऊन बसलेला असतो. दोन्ही वेळा सारखाच वेळ घ्या.

रेझचं. तुम्ही ५० लावलेत आणि रिव्हरला काकांनी १७० केले. फोल्ड करा. विचार करायचा असेल तर सभ्यपणापुरता दहा सेकंद करा, मग फोल्ड करा. रात्रभर कॉल करणारा माणूस चेक करून रिव्हरला रेझ करतो तेव्हा तो ब्लफ करत नसतो, त्याच्याकडे राजा-गुलाम किंवा दडवलेल्या तीन अठ्ठ्या असतात. तुमचे ५० गेले, जे त्या बारांच्या हिशोबात आधीच धरलेले आहेत. रेझच्या भीतीनं बेटच न लावणं हा तुमचा खरा आजार आहे, आणि त्याचं औषध म्हणजे फोल्डचा निर्णय बेट लावण्याआधीच घेऊन ठेवणं. हाच रेझ आक्रमक, चतुर खेळाडूकडून आला तर कठीण आहे. म्हणूनच तशा माणसासमोर हा हात चेक करून मागे ठेवणं मलाही मान्य आहे.

या निमित्तानं भारतातल्या वाचकांसाठी दोन ओळी, कारण हे वाचून कोणीतरी ॲप शोधायला जाईल. २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, त्यात पोकरही आलं, आणि देशातल्या मोठ्या साइट्सनी त्याच ऑगस्टमध्ये पैशांचे डाव थांबवले. परदेशी ॲपच्या आडवाटेनं जाऊ नका, तिथे अडकलेले पैसे मागायला दारही नसतं. वरचं गणित शिकायला नाण्यांऐवजी शेंगदाणे पुरतात.

आता तुमचा बारीक प्रश्न. फोल्ड झाल्यावर पत्ते दाखवू नका, चांगले असले तरी नाही आणि ब्लफ असला तरी नाही. 'बघा, खरंच होता' म्हणून तीन सत्त्या दाखवल्यात तर पुढच्या शुक्रवारी काका तुमच्या १०० ला सन्मानानं पत्ते टाकतील, आणि तुम्हाला ते कॉल करणारे काकाच हवे आहेत. त्यांनी विचारलंच तर हसून म्हणा, 'तुम्हीच पुढे होतात.' बहुतेकांना ते खरं वाटतं.